दोन पिशव्या रक्त आणि एक झडप

पेशंट चाळिशीतली, वजन 46 किलो. लहानपणीच्या संधिवाताच्या तापाने हृदयाची मायट्रल झडप आखडलेली, ती बदलायची होती. रक्तगट आधी ‘ओ’ आला, पण रक्तपेढीतली ‘ओ’ची एकही पिशवी क्रॉसमॅचला, म्हणजे तिच्या रक्ताशी मिसळून बघायच्या चाचणीत, जुळेना. तेव्हा उलगडा झाला, हा बॉम्बे ब्लड ग्रुप. 1952 मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी मुंबईतूनच जगापुढे आणलेला. या लोकांना ‘ओ’ रक्तसुद्धा चालत नाही, बॉम्बेच लागतं. आणि ते भारतात साधारण दहा हजारांत एकाचं असतं. तिच्या सख्ख्या भावाचा गट तोच निघाला, आणखी एक दाता मिळाला. एकूण दोन पिशव्या.

मी पर्फ्युजनिस्ट. ऑपरेशनसाठी हृदय थांबवायचं असतं तेव्हा हृदय-फुफ्फुसांचं काम करणारं हार्ट-लंग मशीन मी चालवतो. मशीनच्या नळ्या आधी सलाईनसारख्या द्रवाने भरून घ्याव्या लागतात. आमचं हे प्राइम 1300 मिलीचं. हिच्या अंगात रक्तच जेमतेम तीन लिटर, हिमोग्लोबिन 10.2. सगळं प्राइम आत गेलं असतं तर ते सातवर आलं असतं. म्हणून पंप टेबलाला अगदी खेटून लावला, नळ्या आखूड कापल्या. बायपासवर, म्हणजे मशीनवर, घेण्याआधी तिचंच रक्त हळूहळू नळ्यांत उलटं घेतलं आणि पाचशे मिली प्राइम बाहेर काढलं. बीपी उतरायला लागलं.

“मॅडम, अजून थोडं घेऊ?”

“घ्या, मी सांभाळते,” भूलतज्ज्ञ मॅडम बीपी चढवणारं फिनाइलएफ्रिन देत म्हणाल्या.

तरीही हृदय थांबवणारा द्रव, कार्डिओप्लेजिया, दिल्यावर हिमोग्लोबिन 7.2. पंपाचा फ्लो शरीराच्या दर चौरस मीटरमागे 2.4 लिटर, म्हणजे एकूण मिनिटाला 3.3 लिटर, प्रेशर 65. चार्टवर सगळं ठीक. पण परतीच्या नळीतलं रक्त नेहमीपेक्षा काळपट दिसत होतं आणि त्याचं सॅच्युरेशन, म्हणजे त्यात उरलेल्या ऑक्सिजनचं प्रमाण, 63 टक्के. फ्लो पुरेसा म्हणजे ऑक्सिजन पुरेसा, असं समजणं धोक्याचं आहे. शिकायला येणाऱ्या मुलांना मी हे पुन्हा पुन्हा सांगतो. रक्त पातळ असेल तर तेवढ्याच फ्लोमधून ऑक्सिजन कमी जातो. शरीराच्या दर चौरस मीटरमागे मिनिटाला 280 मिली तरी पोहोचावा असा आमचा प्रयत्न असतो, नाहीतर पहिला फटका किडनीला. हिशेब मांडला तर पोहोचत होता 245 च्या आसपास.

पिशवी फोडणं सोपं होतं. पण छाती बंद करताना रक्तस्राव झाला असता तर हातात काय उरलं असतं?

“सर, फ्लो 2.8 ला नेतोय,” मी सर्जनना म्हणालो.

“फील्ड भरतंय रे.” टाके घालायची जागा रक्ताने भरत होती.

“व्हेंट वाढवतो सर, पण फ्लो लागेल.” व्हेंट म्हणजे हृदयातलं रक्त ओढून घेणारी नळी.

“ठीक आहे, ने.” सरांनी तसंच, भरत्या फील्डमध्ये, टाके घातले. मी फिल्टर लावून जादा पाणी काढत राहिलो. रिझर्व्हॉयरची, म्हणजे मशीनमधल्या रक्ताच्या टाकीची, पातळी खाली येत होती. नजर तिथून आणि हात क्लॅम्पवरून हलला नाही. सॅच्युरेशन 70 वर आलं, हिमोग्लोबिन आठवर.

मशीनसाठी रक्त पातळ ठेवणाऱ्या हेपॅरिनचा उतारा, प्रोटामिन, दिल्यावर सेल सेव्हर यंत्राने गोळा करून धुतलेलं तिचंच रक्त तिला परत दिलं. एक पिशवी रात्री आयसीयूत लागली, दुसरी लागलीच नाही. सकाळी मी आधी लघवीचा चार्ट पाहिला, मग किडनीचं काम सांगणारं क्रिएटिनिन. 0.9, नॉर्मल.