बांधावरचा तरवड राहू द्या

घट बसायच्या सुमारास नांदेड जिल्ह्यातल्या आमच्या बिलोली भागातला मुरमाड माळ बघावा. सोयाबीन काढणीला आलेलं असतं आणि बांधाबांधानं तरवड पिवळाधमक फुललेला असतो. ना कुणी लावला, ना कुणी पाणी घातलं. जनावरं सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून दुष्काळातही हिरवा राहतो.

आमच्याकडे घटाला माळ तरवडाचीच. फुलं तोडायला मी सकाळी लवकर जाते, कारण तेव्हा भुंगे येतात. काळा मोठा भुंगा फुलावर बसला की त्याच्या गुणगुणण्याचा सूर एकदम बदलतो, बारीक आणि कर्कश होतो. तरवडाच्या फुलात मध नसतो, नुसता पराग, आणि तोही परागकोशाच्या टोकाच्या बारीक छिद्रातूनच बाहेर पडतो. भुंगा अंग थरथरवून तो झाडून घेतो. फूल जवळ धरून बघा, लांब वाकडे पुंकेसर वेगळे दिसतील आणि वरचे आखूड, वांझ असलेले वेगळे.

मावशी तेलंगणातल्या बासरला दिलेली. तिच्याकडे सर्वपित्री अमावस्येपासून बतुकम्मा, म्हणजे फुलांची उतरंड, मांडतात, त्यात हीच फुलं, ते तंगेडू म्हणतात, आणि आपला कुर्डू. तेलंगणानं तर तंगेडूला राज्यफूल केलंय. आपण बांध कोरताना त्याच झुडपाला मशीन लावतो, याचं मला फार वाईट वाटतं.

आयुर्वेदात याला आवर्तकी म्हणतात आणि प्रमेहावर, म्हणजे मधुमेहासारख्या लघवीच्या विकारांवर, देतात. तमिळ सिद्ध वैद्यकात मधुमेहावरचा एक काढाच याच्या नावानं आहे, आवारै कुडिनीर. सालीत टॅनिन भरपूर, म्हणून पूर्वी कातडी कमावायला साल लागायची. आई पाय मुरगळला की पाला गरम करून बांधायची, तेवढं मीही करते.

पण साखरेचं नीट ऐका. आमचे दादा वाळलेल्या फुलांचा काढा घेतात, गोळीही घेतात. डॉक्टरांनी दोन्हीचं विचारून घेतलं आणि साखर जास्त उतरू नये म्हणून तपासणी लवकर लवकर करायला सांगितली. काढा सुरू केला म्हणून कुणी गोळी बंद करू नये. आमच्या गल्लीतल्या एका काकूंनी केली होती, चक्कर येऊन पडल्या, दवाखान्यात ठेवावं लागलं. गरोदर बाईनं तर वैद्याला विचारल्याशिवाय घेऊच नये.

आता बांध कोरायची मशीन गावोगाव फिरतात. बांध सरळ झाला की जमीन चार बोटं वाढल्यासारखी वाटते, पण मुरमाच्या बांधाला धरून ठेवणारी मुळं जातात. पुढच्या पावसात तोच बांध ओघळतो आणि शेजाऱ्याशी भांडण लागतं. आमच्या वरच्या अंगाच्या शेतात असंच झालं, तरवड उपटला तिथूनच पाणी फुटलं. मशीनवाल्याला आधीच दाखवून ठेवावं, ही झुडपं सोडायची. रस्ता रुंद करणाऱ्यांना आपण अडवू शकत नाही, स्वतःचा बांध तर आपल्याच हातात आहे.

माळेसाठीही झुडूप ओरबाडू नये. फांदीच्या टोकाचे घोस घ्यावेत, खालचे शेंगांसाठी ठेवावेत. शेंगा चपट्या, कागदासारख्या. वाळल्या की आत बी खुळखुळतं. बीचं कवच टणक असतं, म्हणून गरम पाण्यात रात्रभर भिजवायचं आणि पहिला पाऊस झाला की मुरमात टोबायचं. यंदा वाळलेल्या शेंगांची पिशवी भरून ठेवणार आहे. बिलोली, देगलूर, धर्माबादकडच्या कुणाला बी पाहिजे असेल तर मृगाच्या आधी सांगा.