चारला जाग येते

पंधरा वर्षं कोल्हापुरात फिजिओथेरपी करतेय. पैलवानाचा गुडघा इथं रोजचाच. तरी गेल्या महिन्यातली ती दुपार डोक्यातून जात नाही.

मुलगा एकवीस वर्षांचा, लहानपणापासून तालमीत राहणारा. सरावात पाय मातीत रुतला, अंग वळलं आणि गुडघ्यातला एसीएल, म्हणजे मांडीचं हाड नडगीला धरून ठेवणारा बंध, तुटला. शस्त्रक्रियेत बहुतेकदा त्याच पायाच्या मांडीमागच्या स्नायूची दोरी (टेंडन) काढून आत नवा बंध बसवतात. टाके निघाले की पाय बरा, असं लोकांना वाटतं. पण साधारण सहा ते बारा आठवडे हा बंध सगळ्यात कच्चा असतो, कारण त्यात नवा रक्तपुरवठा अजून रुजत असतो. आणि नेमकं तेव्हाच दुखायचं थांबतं, पेशंट पळायला बघतो. म्हणून मी त्या काळात कुणाचं ऐकत नाही. आधी गुडघा पूर्ण सरळ, मग वाकवणं, मग मांडी भरून आणणं. घेर टेपने, वाकण्याचे अंश गोनिओमीटर या कोनमापकाने. मातीत उतरायचं ते नऊ महिन्यांनी.

दहाव्या आठवड्यात गुडघा 125 अंश वाकला. मी म्हटलं, "झकास!" तो भिंतीकडे तोंड करून रडायला लागला.

"चारला जाग येतीया मॅडम. जायचं कुठं?"

विश्रांतीसाठी त्याला गावी धाडलं होतं. इतकी वर्षं पहाटे चारला उठून जोर, बैठका, सपाट्या, खोऱ्यानं हौदा, म्हणजे कुस्तीची माती, उकरणं. आता त्याच वेळेला उठून अंधारात आढ्याकडे बघत पडायचं. जेवण जात नव्हतं, दोस्तांचे फोन उचलत नव्हता. आणि मी दहा आठवडे अंश मोजत होते. आमच्या फॉर्मवर दुखण्याला शून्य ते दहा आकडे आहेत, सुजेला रकाना आहे. झोपेला नाही. नेमाने व्यायाम करणाऱ्याचा व्यायाम एकदम तुटला, तर दोन आठवड्यांतही मन उतरू शकतं, हे मी वाचलेलं होतं. एकदाही विचारलं नाही.

मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवायचं म्हटल्यावर घरचे बिथरले. "वेडा हाय व्हय त्यो?" तीन दिवस समजावण्यात गेले. वस्ताद म्हणाले, "त्याला लंगडताना बघून बाकीची पोरं कच खात्यात, म्हणून धाडला." याचा राग मला अजून आहे. पण सर्जनशी बोलून मी यादी करून दिली तेव्हा त्यांनी ती नीट ऐकली: बाकावर बसून हलका करेला (व्यायामाचा लाकडी मुद्गल) फिरवायचा, पाय जमिनीला टेकलेले, हौद्यात पाऊल नाही.

दोन आठवड्यांनी पहाटे तालमीत स्वतः बघायला गेले. दारातूनच पाहिलं. ताक, तेल, हळद मुरलेल्या लाल मातीचा वास बाहेरपर्यंत येत होता. हा बाकावर, करेला खांद्यामागून फिरवत, घामानं निथळलेला. मध्येच एका बारक्याला ओरडला, "पट काढताना मान खाली घालतोस? वर बघ!" पोरानं पुन्हा पट काढला. याने करेला खाली ठेवला आणि त्याला जवळ बोलावून मान कशी ठेवायची ते हातानं दाखवलं.

त्या आठवड्यात गुडघा एका अंशानेही सुधारला नव्हता. झोप मात्र लागत होती. करेल्यानं, पोरांमुळे की डॉक्टरांच्या गोळीनं, हे मला सांगता येत नाही.

फॉर्मवर आता मी पेनाने झोपेचा रकाना आखते. मागच्या तीन वर्षांतल्या, मध्येच यायच्या बंद झालेल्या खेळाडूंच्या फायली काढल्यात. सात आहेत. आळशी म्हणून मी त्या मिटवल्या होत्या. फोन करायचाय, पण पहिलं वाक्य काय बोलावं ते अजून सुचत नाही.