युद्ध होणार का, मॅडम?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. भारत-पाकिस्तान सीमेवर काही घडलं की हा प्रश्न मला कलिन्याच्या वर्गात, लोकलमध्ये, लग्नाच्या पंगतीतसुद्धा गाठतो. आंतरराष्ट्रीय संबंधांचे सिद्धांत आणि सुरक्षा हा माझ्या संशोधनाचा विषय, तेव्हा मला उत्तर माहीत असणारच, असं लोकांना वाटतं. युद्धाची तारीख सांगणारा सिद्धांत नाही. पण कुणाच्याही मनात चढाई नसताना दोन देश युद्धाच्या तोंडाशी कसे येतात, हे सांगणारा आहे.

राज्यशास्त्रज्ञ जॉन हर्झ यांनी 1950 मध्ये तो मांडला: सुरक्षेची कोंडी. देशांच्या डोक्यावर कुणी फौजदार नाही, म्हणून जो तो स्वतःच्या रक्षणासाठी शस्त्रं जमवतो. शेजाऱ्याला मनातलं दिसत नाही, शस्त्रं दिसतात. तोही जमवतो, आणि दोघंही आधीपेक्षा जास्त धास्तावतात. त्याच विषयाचे अभ्यासक रॉबर्ट जर्व्हिस यांनी 1978 मध्ये दाखवलं की बचावाची तयारी आणि हल्ल्याची तयारी वेगळी ओळखू आली, तर ही कोंडी सैल होते.

आपल्याकडे ती ओळखू येत नाही. डिसेंबर 2001 मध्ये संसदेवर हल्ला झाला. त्यानंतर भारताने सीमेवर सैन्य हलवलं, त्या ऑपरेशन पराक्रममध्ये मुख्य फौजा सीमेवर पोचायला जवळजवळ तीन आठवडे लागले आणि तोवर बाहेरून दबाव वाढला. त्यातून 2004 च्या सुमारास झटपट, मर्यादित चढाईची कल्पना पुढे आली, तीच कोल्ड स्टार्ट. दिल्लीच्या लेखी हे दहशतवादाला उत्तर होतं. रावळपिंडीला, म्हणजे पाकिस्तानी लष्कराच्या मुख्यालयाला, त्यात रणगाडे दिसले. 2011 मध्ये पाकिस्तानने नस्र क्षेपणास्त्राची चाचणी घेतली: पल्ला फक्त 60 किलोमीटर, आणि अण्वस्त्र वाहून नेण्याचा दावा. ट्रॉम्बेत अणुभट्ट्या असलेल्या शहरात राहून हा इतिहास मला नुसता वाचून बाजूला ठेवता येत नाही.

मात्र या सिद्धांताने सगळं उलगडतं, असं मी कधीच म्हणणार नाही. 26 नोव्हेंबर 2008 ला कुलाब्याच्या मच्छीमार नगरात रबरी होडीतून दहा जण उतरले आणि 166 माणसं गेली. ती कोंडी नव्हती, ठरवून केलेली हत्या होती. ‘दोन्हीकडे भीतीच होती’ असं तिथे म्हणणं खोटं आहे, आणि मेलेल्यांवर अन्याय आहे. विद्यार्थ्यांना हे मी दरवर्षी ठासून सांगते. सिद्धांत कामाला येतो तो हल्ल्यानंतर, जेव्हा दोन सरकारं एकमेकांच्या हालचालींचे अर्थ लावू लागतात.

म्हणून युद्धाचं विचारलंत, तर मी भाषणांपेक्षा तीन कंटाळवाण्या गोष्टींकडे बघते. एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याचा करार 31 डिसेंबर 1988 चा. त्यानुसार 1992 पासून दर 1 जानेवारीला दोन्ही देश अणुकेंद्रांच्या याद्या एकमेकांना देतात. 2002 मध्ये फौजा समोरासमोर असतानाही दिल्या, आणि 2009 मध्ये, मुंबईवरच्या हल्ल्याला सव्वा महिना झालेला असतानाही. 2005 च्या करारानुसार बॅलिस्टिक क्षेपणास्त्राच्या चाचणीची सूचना किमान तीन दिवस आधी द्यावी लागते. आणि तिसरी म्हणजे दोन्ही लष्करांच्या डीजीएमओंमधली, म्हणजे लष्करी कारवायांच्या महासंचालकांमधली, हॉटलाइन. 10 मे 2025 ला लष्करी कारवाई थांबवायचं ठरलं, ते डीजीएमओंच्याच बोलण्यात. हे तिन्ही मार्ग एकदम बंद पडलेले दिसले, तर मात्र तुमच्याआधी मी घाबरेन.