अकरावीतली पोरं शाळेत का येत नाहीत

मी इंदूरला एका सीबीएसई शाळेत अकरावी-बारावीला शिकवते, क्लास टीचर पण आहे, म्हणजे रोज सकाळी हजेरी माझ्याकडेच असते. बंक मारणारी पोरं लगेच ओळखू येतात, कारण त्यांची अख्खी टोळी एकाच दिवशी गायब असते आणि दुसऱ्या दिवशी मजेत परत येते. मला खरी काळजी असते ती एकेकट्या गायब होणाऱ्यांची. सोमवारी नाही, टेस्टच्या दिवशी नाही, बुधवारी आला, गुरुवारी परत नाही. घरून मेसेज येतो की मॅडम पोट दुखतंय. आणि ते नाटक नसतं बरं का, खाली व्हॅनचा हॉर्न वाजला की खरंच कळ येते, आणि आता आज शाळा नाही हे नक्की झालं की दहा-साडेदहापर्यंत थांबते. मग घरचे म्हणतात बघा, कसा ठणठणीत झाला, सोंग करत होता. पण घरी राहिल्यावर जी सुटका वाटते ना, तीच दुसऱ्या दिवशी शाळेचं पाऊल अजून जड करते, वर बुडलेल्या नोट्स, अपुरी प्रॅक्टिकल फाईल, आणि वर्गात शिरल्याबरोबर सगळ्यांसमोर येणारा प्रश्न, काय भाई, कुठे होतास इतके दिवस.

आपल्या इंदूरच्या मराठी घरांतली एक गोष्ट मला इथे बोलायचीच आहे, ती म्हणजे दहावीचा सत्कार. गणपतीत मंडळं ९० टक्क्यांच्या वरच्या पोरांना स्टेजवर बोलावतात, श्रीफळ, स्मृतिचिन्ह, फोटो, सगळ्या काकू-मावश्या टाळ्या वाजवतात. मला ही पद्धत आवडते, मुलांचं कौतुक व्हायलाच पाहिजे. पण तारखा बघा ना, निकाल लागतो उन्हाळ्यात आणि सत्कार होतो गणपतीत, तोपर्यंत अकरावीची पहिली युनिट टेस्ट होऊन गेलेली असते. म्हणजे ज्याला स्टेजवर विचारतात की मग, आयआयटी का, त्याला तेव्हा फिजिक्समध्ये ४० पैकी ९ पडलेले असतात आणि ते घरात कुणालाच माहीत नसतं. दहावीपर्यंत पाठ करून, नीट लिहून मार्क मिळवणारं हुशार पोर अकरावीच्या वेक्टरमध्ये पहिल्यांदा अडकतं. मला कळत नाहीये, हे म्हणायची त्याला सवयच नसते, आणि आता तर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्यात.

माझ्या वर्गातला असाच एक मुलगा दिवाळीच्या आधी यायचाच थांबला. घरी गेले तर आजी म्हणाल्या, सत्काराच्या दिवशीच नजर लागली हो बाळाला. मीठ-मोहऱ्या उतरवून झाल्या होत्या. वडील म्हणत होते मोबाईल काढून घेतो, आई नुसती बघत होती. मी अभ्यासाचं काहीच काढलं नाही, त्याला एवढंच विचारलं की शाळेत सगळ्यात नकोसं काय वाटतं. बराच वेळ गप्प बसून म्हणाला, असेंब्ली, आणि फिजिक्सचा पिरियड, सर उभं करून विचारतात. म्हणजे अख्खी शाळा नको होती असं नाहीच! मग प्रिन्सिपॉल मॅडमशी बोलून ठरवलं की तो आधी फक्त केमिस्ट्री लॅबच्या दिवशी येईल, कारण लॅबमध्ये दोघांची जोडी असते, हातात ब्युरेट असतं, कुणी कुणाच्या तोंडाकडे बघत नाही. पार्टनर म्हणून एक शांत मुलगी निवडून दिली, तिला फक्त सांगितलं की कुठे होतास हे विचारायचं नाही, फाईल दे. फिजिक्सच्या सरांनी उभं करणं बंद केलं, ते पण आनंदाने, त्यांना कल्पनाच नव्हती. हळूहळू दिवस वाढले, मधे परत दोनदा घसरला, पण यायला लागला. मार्क अजून बेताचेच आहेत आणि मला त्याची आत्ता घाई नाहीये.

पालक मला सगळ्यात जास्त विचारतात ते ७५ टक्क्यांचं. बोर्डाला बसायला सीबीएसईत ७५ टक्के हजेरी लागते, हे खरंय, पण जानेवारीत मेडिकल सर्टिफिकेट घेऊन धावण्यापेक्षा जुलै-ऑगस्टमध्येच क्लास टीचरला फोन करा, तेव्हा हातात बरंच काही असतं. आणि डमी ॲडमिशनचा, म्हणजे शाळेत नुसतं नाव घालून पोराला दिवसभर कोचिंगला पाठवायचा, विचार करत असाल तर कृपा करून थांबा. इंदूरच्या भंवरकुआं भागातल्या कोचिंगमध्ये शेकडोंच्या बॅचमध्ये तुमचं पोर चार दिवस आलं नाही तर ॲपवर मेसेज येईल, पण तो डबा खात नाहीये, एकटा बसतोय, हे कोण सांगणार? २०२४ च्या जानेवारीत केंद्राने कोचिंगसाठी नियम काढले, त्यात शाळेच्या वेळेत क्लास नको असं स्पष्ट आहे. सीबीएसईने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये डमीच्या प्रकरणात २१ शाळांची मान्यता पण काढली.

दुसरं, शाळेत काउन्सेलर आहे का ते पालक-शिक्षक मीटिंगमध्ये विचारा, लाजू नका. सुप्रीम कोर्टाने २५ जुलै २०२५ च्या निकालात सांगितलंय की १०० किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथे किमान एक प्रशिक्षित काउन्सेलर, सायकॉलॉजिस्ट किंवा सोशल वर्कर पाहिजे. आपल्याकडे बाणगंगेला सरकारी मानसिक रुग्णालय आहे म्हणून या विषयाचं नुसतं नाव काढलं तरी घरातली मोठी माणसं दचकतात, त्यांना समजावून सांगा की बोलायला जाणं म्हणजे भरती होणं नव्हे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा नंबर १४४१६, फुकट आहे, रात्री-बेरात्री कधीही लागतो, हिंदीत बोला नाहीतर मराठीत. झोप उडाली असेल, जेवण सुटलं असेल, किंवा मरणाबिरणाचं काही बोलला असेल तर मात्र वाट बघायचीच नाही, त्याला एकटं सोडायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर.

आता मंडळाचं. यंदा आमच्या मंडळाच्या मीटिंगमध्ये मी सांगितलंय की सत्कार तर करूच, पण गणपतीच्या एका संध्याकाळी अकरावीच्या पोरांना कॉलेजमधल्या दादा-ताईंसोबत बसवू, आईबाबांशिवाय, माईकशिवाय, आणि दादा-ताईंनी आपले अकरावीचे खरे मार्क सांगायचे. दोन ताया तयार झाल्यात, एक मेडिकलची, एक बीकॉमची. अजून दोन-तीन दादा पाहिजेत, ज्यांनी अकरावीत सपाटून मार खाल्लाय आणि ते बोलायला तयार आहेत असे, कुणी असेल तर मला कळवा.