काकींचे तळलेले गरे

फोंड्यात आहारतज्ज्ञ म्हणून काम करायला लागून मला नऊ वर्षं झाली. मे महिन्यातला तो एक मंगळवार मात्र अजून मनातून जात नाही.

सावईवेऱ्याकडच्या एक काकी आल्या होत्या. वय अठ्ठावन्न, स्वतःचं कुळागर म्हणजे सुपारी-नारळाची बाग, घरात दोन नातवंडं. गुडघे दुखतात म्हणून हाडांच्या डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलेलं. मधुमेह नाही, रक्तदाब नाही. सहा महिन्यांपूर्वी माझ्याकडे पहिल्यांदा आल्या तेव्हा ७४ किलो होत्या. आता काटा ७५.२ वर थांबला. आकडा त्यांनीच आधी वाचला आणि त्यांचे डोळे भरून आले.

"बाय, यंदा एक आंबा तोंडाला लावला नाही मी. माणकुरादाच्या पाट्या भरल्यात घरात. पोरांना कापून देते आणि हात धुऊन उठते."

"पण फळं बंद कोणी केली तुमची?"

त्यांनी पिशवीतून एक कागद काढला. प्लॅस्टिकमध्ये जपून ठेवलेला, घड्यांवर विरलेला. मधुमेहाच्या रुग्णांना देतो तो पथ्याचा छापील तक्ता, आणि त्यावर निळ्या शाईत लिहिलेलं : आंबा, फणस, केळी, चिकू, द्राक्षं टाळा. अक्षर माझं. सहीही माझीच.

त्या दिवशी गर्दी असेल, हाताशी तोच तक्ता असेल. काही असलं तरी चूक माझी होती. मधुमेह असलेल्यांनीही फळं मोजूनमापून खायची असतात, सरसकट सोडायची नसतात, आणि या बाईंना तर मधुमेहच नव्हता. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शनात दिवसाला १०० ग्रॅम फळं सांगितली आहेत, आणि मी मात्र यांच्या ताटातली फळंच उचलून नेली होती. मी त्यांना तसं स्पष्ट सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

मग दिवसभराचं खाणं विचारलं. सकाळी उकड्या तांदळाची पेज, दुपारी हुमण-शीत म्हणजे माशांची आमटी आणि भात, रात्री दोन चपात्या आणि भाजी. त्यात वजन वाढावं असं काही दिसेना. निघताना त्यांनी टेबलावर दोन वस्तू ठेवल्या. एक माणकुराद आणि तळलेल्या गऱ्यांची पिशवी. "पुरुमेंताचे, पावसाळ्याच्या साठवणीचे तळले, तुझ्यासाठी आणले थोडे."

"हे तुम्हीही खाता?"

"ते काय खाणं म्हणायचं? मालिका बघताना हात जातो डब्यात. पिकलेला गरा एकसुद्धा चाखला नाही हं मी. हे कच्च्या फणसाचे, मिठाचे. गोड कुठे आहेत?"

त्यांनी माझी यादी अक्षरशः पाळली होती. यादीत गोड फळं होती, म्हणून गोड फळं सोडली. तळणीबद्दल मी एक शब्दही लिहिला नव्हता.

माझ्या टेबलावर स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा असतो. म्हटलं, "काकी, घरी घेता तशी एक मूठ घ्या." मूठ भरली ४२ ग्रॅम. मग आंबा सोलला. अख्खा २४० ग्रॅमचा, साल आणि बाठा जाऊन गर उरला १५० ग्रॅम. आंब्याच्या १०० ग्रॅम गरात साधारण ६० कॅलरी असतात, म्हणजे हा आंबा झाला नव्वदचा. तळलेल्या गऱ्यांत १०० ग्रॅमला पाचशेच्या आसपास, म्हणजे ती एक मूठ दोनशेच्या वर.

"मालिका संपेपर्यंत किती मुठी होतात?"

"तीन होत असतील."

तीन मुठी म्हणजे सात आंबे, किलोभर गर. "रात्री जेवल्यावर सात माणकुराद खाल?" त्या बघतच राहिल्या. "पोट फुटेल गो माझं!"

मला जे सांगायचं होतं ते त्याच बोलून गेल्या. आंब्याच्या गरात ऐंशी टक्क्यांहून जास्त पाणी, त्यात चोथा. कॅलरीच्या आधी पोट भरतं. गरे कढईत पडले की पाणी वाफ होऊन निघून जातं आणि त्याच्या जागी खोबरेल शिरतं. साखरेच्या एका ग्रॅमला चार कॅलरी, तेलाच्या एका ग्रॅमला नऊ. फणस तोच, पण त्यातलं पोट भरणारं पाणी उडून गेलेलं आणि वर तेल आलेलं.

"म्हणजे फळांनी वजन वाढतच नाही म्हण."

असं मी म्हणणार नव्हते. गरजेपेक्षा जास्त खाल्लं तर फळांच्या कॅलरीही अंगावर बसतात. १९९५ साली अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगात १६ पुरुषांना चौदा चौदा दिवस गरजेच्या दीडपट खायला घातलं होतं. वरचं खाणं स्निग्ध होतं तेव्हा जास्तीच्या कॅलरींतला ९० ते ९५ टक्के भाग शरीरात साठला, पिष्ट-शर्करेचं होतं तेव्हा ७५ ते ८५ टक्के. फरक आहे, पण तेवढ्यावर विसंबून पाटीभर आंबे खाऊ नयेत. खरा फरक आपण किती खाऊन थांबतो यात आहे.

साठांचं, म्हणजे वाळवलेल्या आंबरसाच्या पोळ्यांचंही त्यांनी विचारलं. पाणी गेलं की गोडी दाटते, तेव्हा साठ बोटभर. आणि रस? १९७७ च्या एका ब्रिटिश प्रयोगात तेवढीच साखर पोटात जाईल इतकी सफरचंदं खायला लोकांना सतरा मिनिटं लागली, रस दीड मिनिटात संपला, आणि रस पिणाऱ्यांना भूकही लवकर लागली. म्हणून फळ चावून खायचं.

सोललेला आंबा काट्यावरच होता. मी बशी त्यांच्यापुढे सरकवली. त्यांनी पहिली फोड तोंडात घातली आणि डोळे मिटले. दोघीही काही बोललो नाही. शेवटी बाठा उचलून म्हणाल्या, "हा तू वजनात धरला नव्हतास ना?" आणि तोही चोखला.

नवीन कागद लिहिला : दिवसाला एक आंबा किंवा पाच-सहा पिकलेले गरे, तळलेले गरे रविवारी, वाटीत काढून, डबा आत ठेवून.

संध्याकाळी मी जुन्या फायली काढून बसले. मधुमेह नसताना तोच तक्ता दिलेले आणखी अकरा जण सापडले. प्रत्येकाला फोन केला. साखळीच्या एक आजी नीट ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, "आंबा खाल्ला तर चालेल म्हणतेस? बरं केलंस आत्ता सांगितलंस. मिरगाला अजून पंधरा दिवस आहेत."