सप्ताहाची शिल्लक शाळेच्या पत्र्याला

बीड जिल्ह्यातल्या आमच्या गावात जिल्हा परिषदेची चौथीपर्यंतची शाळा आहे, पट ६४. पालकसभेत शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षपदाला माझं नाव निघालं तेव्हा मी नकोच म्हणत होते. सर म्हणाले, "ताई, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं समितीत ७५ टक्के पालक आणि निम्म्या बाया लागतात. नुसत्या सहीपुरत्या नाही."

पहिल्या बैठकीत हिशोब काढला. ३१ ते १०० पटाच्या शाळेला सरकारच्या समग्र शिक्षा योजनेतून वर्षाला २५ हजारांचं संयुक्त अनुदान, म्हणजे शाळेच्या किरकोळ खर्चाचा पैसा. लाइटबिल, खडू, रजिस्टरं, झाडू यातच ते संपतं. आमची दुखणी मोठी होती. चौथीच्या वर्गाचा पत्रा गळत होता आणि मुलींच्या संडासात पाणी नव्हतं. पोरी दिवसभर पाणीच प्यायच्या नाहीत. माझी लेक घरी आली की दप्तर फेकून आधी न्हाणीकडं पळायची.

फेब्रुवारीत मी ग्रामपंचायतीत अर्ज दिला. ग्रामसेवकांनी नीट समजावलं: पंधराव्या वित्त आयोगाकडून ग्रामपंचायतीला येणाऱ्या पैशातला ६० टक्के निधी बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेलाच. तुमचं काम त्यात बसतं, पण ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात नाव पाहिजे आणि यंदाचा आराखडा गेला. ते वर्ष वाया गेलं. लेक चौथी पास होऊन दुसऱ्या शाळेत गेली. ती हळहळ अजून आहे.

पुढच्या सप्टेंबरात समितीचा ठराव केला, तीन वर्षांचा शाळा विकास आराखडा जोडला आणि २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेला बचत गटाच्या बाया घेऊन गेले. विषय रस्त्याकडं वळायला लागला तशी एक आजी उठली, "लेकरायला पाणी नाही तर रस्ता कामून पाह्यजे?" ठराव मंजूर झाला. पुढं टाकी बसली, मोटार बसली, संडासात नळ आला.

पत्रा मात्र बंधित निधीत बसत नव्हता. मग गावच्या हरिनाम सप्ताहाची आठवण झाली. आमच्याकडं एकरी वर्गणी निघते आणि थोडी शिल्लक राहतेच. काल्याच्या, म्हणजे सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी मी शाळेची वही घेऊन मंदिरात गेले, गळणाऱ्या वर्गाचा फोटो दाखवला. जाणत्यांनी तिथंच शिल्लक शाळेला दिली. उरलेली रक्कम घरोघर फिरून जमवली, पावतीशिवाय रुपया घेतला नाही. पैसे समितीच्या खात्यात, माझ्या आणि सरांच्या सहीनंच निघायचे.

साखर कारखान्यावरून परतलेल्या कोयत्यांकडं, म्हणजे ऊसतोड जोडप्यांकडं, मी वर्गणी मागितली नाही. त्यांची उचल, म्हणजे मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम, फिटलेली नसते. तीच माणसं सकाळी आपणहून आली आणि जुने पत्रे उतरवून दिले. मृगाच्या आत वर्ग झाकला गेला. खर्चाचा कागद शाळेच्या भिंतीला चिकटवला, तो अजून तिथं आहे.

शाळेच्या आराखड्यात आता कुंपणाची भिंत आहे. सप्टेंबरच्या बैठकीची नोटीस कालच काढली.