रोममध्ये दुपारी चार वाजता जेवायला बसू नका

रोमचं बाकी सगळं छान झालं, म्हणून ते थोडक्यात सांगते. कोलोसियमची तिकिटं आधीच ऑनलाइन काढा. पँथिऑन हे प्राचीन मंदिर 2023 पर्यंत फुकट होतं, आता तिकीट लागतं. जुन्या शहरातली दगडी फरसबंदी दिसायला देखणी, पण घरातल्या वयस्कर माणसांच्या गुडघ्यांचा पार जीव काढते. लिहायचंय ते पियात्झा नव्होना या चौकाजवळच्या एका जेवणाबद्दल. एवढे पैसे मोजून इतकं बेचव आम्ही कुठेच खाल्लं नव्हतं.

पँथिऑन बघून बाहेर पडलो तेव्हा पावणेचार वाजले होते. पोरं भुकेने चिडचिडी झालेली, सासूबाईंना कुठेतरी टेकायचं होतं. तिथली धड खानावळ दुपारी अडीच-तीनला चूल बंद करते आणि संध्याकाळी साडेसात वाजता उघडते. मधल्या वेळात जी उघडी असतात त्यातली बरीचशी केवळ पर्यटकांवर जगणारी. गिऱ्हाईक उद्या परत येणार नाही हे त्यांना पक्कं ठाऊक असतं, मग चव सांभाळायची कुणासाठी?

दारातच एकजण प्लॅस्टिक चढवलेलं, फोटोंचं मेनूकार्ड घेऊन उभा. आम्हाला बघून "नमस्ते! व्हेजिटेरियन? नो प्रॉब्लेम!" बसल्या बसल्या न मागता ब्रेडची टोपली आली.

सासूबाईंसाठी फिओरी दि झुक्का मागवलं, म्हणजे आपल्या भोपळ्याच्या फुलांची भजी, आत चीज भरलेली. त्या खूश, पावसाळ्यात घरी करतातच. एक घास घेतला आणि तोंड थांबलं. "अगं, हे सुकटीसारखं लागतंय." माळ घातल्यापासून त्यांनी मासे सोडलेत, पण जन्म वेंगुर्ल्यातला, त्यामुळे जीभ फसत नाही. फूल उलगडून पाहिलं तर चीजमध्ये बारीक खारवलेला मासा, अँकोव्ही. वेटरला दाखवलं तर म्हणतो, "ओन्ली स्मॉल फिश, सिन्योरा!" रोममध्ये हा पदार्थ असाच करतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण दारात 'नो प्रॉब्लेम' म्हणणाऱ्याने ते सांगायला नको? सासूबाईंनी चूळ भरली आणि नंतर नुसता ब्रेड खाल्ला.

माझा पास्ता कडेने चटका बसेल इतका गरम आणि मधे गार, म्हणजे मायक्रोवेव्हमधून थेट टेबलावर. मुलांच्या पिझ्झाच्या कडा दातांना दाद देईनात. नवऱ्याने भाजलेला मासा घेतला. मेनूवर 7 युरो. बिलात 45.50! कारण 7 च्या पुढे बारीक अक्षरात 'एत्तो' लिहिलेलं, म्हणजे 100 ग्रॅमचा भाव, आणि मासा म्हणे साडेसहाशे ग्रॅमचा. आपल्याकडेही पापलेटपुढे 'साइजप्रमाणे' लिहितात, पण मालवणात मासा आधी डोळ्यांसमोर धरून भाव सांगतात. इथे तो तळलाय की भाजलाय, ताजा की गोठवलेला, काहीच कळायला मार्ग नव्हता. शिवाय ब्रेडचे माणशी अडीच युरो, पाण्याच्या बाटल्या आणि वर 15 टक्के सेवाशुल्क. हुज्जत घातली, त्याने बोट ठेवून बारीक अक्षरं दाखवली. एका युरोला साधारण शंभर रुपये धरून नवऱ्याने मनातल्या मनात हिशोब केला, आणि पुढचा तासभर कुणाशी बोलला नाही.

आता जाणाऱ्यांसाठी. इटलीत दर बाहेर लावावे लागतात, तो कागद आत शिरण्याआधीच शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. 'सेर्वित्सिओ' (सेवाशुल्क) आणि 'पाने' (ब्रेड) हे शब्द तिथेच सापडतात. 'कोपेर्तो' नावाचा, नुसतं टेबलावर बसण्याचा माणशी आकार इटलीत बऱ्याच ठिकाणी असतो. पण रोम ज्या लाझिओ प्रांतात येतं तिथे 2006 पासून त्याला बंदी आहे, म्हणून तो ब्रेडच्या नावाने लागतो. ब्रेड नको असेल तर टोपलीला हात लावण्याआधी परत पाठवा. मासा घ्यायचाच तर आधी वजन करून एकूण किंमत विचारा. बिलात सेवाशुल्क असेल तर टिप ठेवायची काहीच गरज नाही.

शाकाहारींनी नुसतं 'व्हेजिटेरियन' म्हणून थांबू नये. 'सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे, सेन्झा अच्युगे' (मांस, मासे, अँकोव्ही नको) हे कागदावर लिहून दाखवा. कार्बोनारा आणि अमात्रिचाना या दोन्ही पास्त्यांत डुकराचं मांस असतं. आराब्याता, म्हणजे टोमॅटो-मिरचीचा तिखट पास्ता, सहसा चालतो, पण वर चीज टाकू नका म्हणावं. पार्मेजान आणि पेकोरिनो ही चीज वासराच्या किंवा कोकराच्या पोटातल्या रेनेटने, म्हणजे दूध विरजवणाऱ्या पाचक रसाने, बनतात. ज्यांना ते चालत नाही त्यांनी पिझ्झा मारिनारा घ्यावा, त्यात नुसता टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि तेल.

आणि भुकेची वेळ चुकलीच, तर 'पिझ्झा अल तालिओ' लिहिलेलं दुकान शोधा. तिथे पिझ्झा कात्रीने कापून वजनावर देतात, बहुतेक दुकानं दुपारभर उघडी. बटाटा-रोझमेरीचा तुकडा सासूबाईंना इतका आवडला की नंतर त्या स्वतः बोट दाखवून 'इतकाच' असं खुणेने सांगायच्या. मात्र तो घेऊन स्पॅनिश स्टेप्स या प्रसिद्ध पायऱ्यांवर बसू नका. 2019 पासून तिथे बसायलाच बंदी आहे, दंड 400 युरोपर्यंत जातो. पाणी विकत घ्यायची तर अजिबात गरज नाही. शहरभर 'नासोनी' नावाचे अखंड वाहणारे लोखंडी नळ आहेत, पहिले 1874 मध्ये बसले, पाणी गार आणि पिण्याचं. बाटली सोबत ठेवा.

घरच्यासारखं खाल्ल्याशिवाय चैन पडत नसेल तर तेर्मिनी स्टेशनजवळच्या एस्क्विलिनो भागात जा. तिथल्या मंडईत आणि आसपासच्या बांगलादेशी दुकानांत डाळ, कोथिंबीर, हिरव्या मिरच्या, सगळं मिळतं. आमच्या भाड्याच्या घरात स्वयंपाकघर होतं, त्यामुळे शेवटच्या संध्याकाळी खिचडी झाली. मंडई रविवारी बंद असते, तेवढं बघून जा.